दिवसाचे ओझे उतरवताना



१ मे ही तारीख आपल्या ओळखीची आहे. तो महाराष्ट्र दिन आणि जगभरातला कामगार दिन. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये याच दिवशी कामकरी संत योसेफ यांचा सण सुरू केला. आणि १९९९ साली याच तारखेला परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा वाढदिवस श्रमाच्या सणाला येतो.

हे आपल्याला शोभणारेच आहे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांना कष्टाची ओळख करून द्यावी लागत नाही. हळद काढायची, शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करून बाजारात न्यायची. सोयाबीन, कापूस, तूर, ऊस हे त्यापुढे आहेतच. कोणी शाळेत शिकवतो, कोणी एसटी चालवतो, कोणी दुकानात उभा असतो, कोणी दुसऱ्याच्या रानात रोजाने जातो. काम कसे करावे हे आपल्याला आईबापांनी शिकवले. पण संध्याकाळी काम संपल्यावर ते खाली कसे ठेवावे, हे आपल्याला सहसा कोणी शिकवत नाही. आजचा पाठ त्याविषयी आहे.

शरीराचा थकवा आणि मनाचा भार

थकवा दोन प्रकारचा असतो. शरीराचा थकवा जेवणाने आणि झोपेने जातो. मनाचा भार मात्र आपल्याबरोबर घरी येतो. लिलावात हळदीला कमी भाव मिळाला, तर माणूस घरी येऊन बाजेवर बसतो, पण मन अजून मार्केट यार्डातच उभे असते. शिक्षिका घरी भाकरी थापत असते, पण डोक्यात उद्या भरायची माहिती फिरत असते. अशा वेळी लेकराने वहीला पैसे मागितले की त्याला ओरडा बसतो. चूक लेकराची नसते. वड्याचे तेल वांग्यावर निघते, एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची लक्षणे नोंदवली. अंगातले बळ सरल्यासारखे वाटणे, कामाविषयी मनात तिटकारा किंवा दुरावा येणे आणि हातून काम नीट न होणे, ही ती तीन लक्षणे. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला विश्रांती घेता येत नाही, त्याचे शेवटी कामही बिघडते. म्हणून विश्रांतीला आळस समजू नये.

भोंगा कोण वाजवणार?

आज रविवारी आपण एकत्र जमतो. हा सुट्टीचा रविवार कामगारांना सहज मिळालेला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतले कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत असत. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या मागण्या साध्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा आणि सूर्य मावळला की काम थांबावे. सहा वर्षांच्या प्रयत्नांनंतर १८९० मध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. विसावा ही गरिबाच्या हक्काची गोष्ट आहे, हे लोखंडे यांनी ओळखले होते.

पण गिरणीला भोंगा होता. शेताला भोंगा नाही. दुकानाला नाही. खिशातल्या मोबाइलमुळे आता नोकरीलाही तो राहिलेला नाही, कारण साहेबांचा निरोप रात्री दहालाही येतो. आणि स्वयंपाकघराला तर भोंगा कधीच नव्हता. म्हणून दिवस संपल्याचा भोंगा आपला आपल्यालाच वाजवावा लागतो. रोजच्या छोट्या सवयी म्हणजे हाच भोंगा.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित कामावरून परत येतात तो प्रसंग आपण ऐकलेला आहे. त्यांनी केलेले सगळे येशूला सांगितले. माणसांची ये-जा इतकी होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. तेव्हा प्रभूने त्यांना बाजूला, निवांत जागी चलून थोडा विसावा घ्यायला सांगितले. इथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी ऐकून घेणे, मग विसावा. पुढे काय झाले हेही विसरू नये. ते पोहोचण्याआधीच तिथे लोकांची गर्दी जमली होती आणि प्रभूला त्यांची दया आली. म्हणजे ठरवलेला विसावा मोडतो, तसा प्रेषितांचाही मोडला. पण तो मोडतो म्हणून ठरवूच नये, असे प्रभूने म्हटले नाही.

विसाव्यात काय काय असावे?

नुसते आडवे पडणे म्हणजे विसावा नव्हे. झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या दोन संशोधक स्त्रियांनी २००७ मध्ये कामानंतरच्या विश्रांतीचे चार भाग मांडले. पहिला, मन कामातून बाहेर येणे. दुसरा, शरीर आणि मन शांत होणे. तिसरा, कामापलीकडचे काही शिकणे किंवा जमवणे. चौथा, थोडा तरी वेळ आपल्या स्वतःच्या मर्जीचा असणे. हे चार भाग समोर ठेवून पुढच्या सवयी पाहू. त्यांना पैसे लागत नाहीत आणि फार वेळही लागत नाही.

१. उंबऱ्याशी थांबणे. बाहेरून आल्यावर हातपाय धुऊन घरात यायची आपली जुनी रीत आहे. ती स्वच्छतेसाठी आहेच, पण मनासाठीही आहे. हळदीच्या दिवसांत हात कोपरापर्यंत पिवळे होतात. ते धुताना आपण सावकाश धुवावेत आणि मनात म्हणावे की आजचे काम झाले, राहिले ते उद्या. कपडे बदलावेत. कामाचे कपडे अंगावर असेपर्यंत मनही कामावरच राहते. रात्री निजण्याआधी कोमट पाण्याने पाय धुतले तर आणखी एक फायदा होतो. पाय उबदार झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९९ मध्ये हे दाखवून दिले.

२. पहिली दहा मिनिटे माणसांची. घरात पाऊल टाकताच हिशेब, तक्रार किंवा मोबाइल नको. दहा मिनिटे पुरेत. लेकराला जवळ घ्यावे, म्हाताऱ्या आईबापांना दोन शब्द विचारावेत, एकमेकांचा दिवस कसा गेला ते ऐकावे. प्रेषितांनी आधी सगळे सांगितले, तसे आपणही सांगावे. मात्र सांगणे आणि ओरडणे यांत फरक आहे. 'आज भाव पडला, मन लागत नाही' असे म्हणणारा माणूस घराला सोबत घेतो. काहीच न सांगता भांडी आपटणारा घराला घाबरवतो.

३. चहाची वेळ सांभाळणे. आपल्याकडे चहाला नाही म्हणणे जड जाते. पण चहातले कॅफिन शरीरातून निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या चहाचे निम्मे कॅफिन रात्री अकरालाही शरीरात असते. झोप येत नसेल तर शेवटचा चहा दुपारी चारच्या आत घ्यावा. संध्याकाळी पाहुणा आला तर ताक किंवा लिंबाचे सरबत द्यावे. मान कमी होत नाही.

४. थोडे चालणे, थोडे बसणे. दिवसभर बसून काम करणाऱ्याने संध्याकाळी चालावे. शेतात उभ्याने राबणाऱ्याने ओट्यावर पाय पसरून बसावे. शरीराने दिवसभर जे केले त्याच्या उलट करणे, ही सोपी ओळख. हिंगोलीत कयाधूच्या काठाने फेरी मारावी, गावात पारापर्यंत जाऊन यावे. पारावरच्या गप्पांना आपण रिकामटेकडेपणा म्हणतो, पण तिथे एक गोष्ट चांगली असते. पारावरच्या गप्पा संपतात, कारण माणसे उठून घरी जातात. मोबाइल उठून जात नाही.

५. हाताला आवडीचे काम देणे. परसात चार वांगी आणि मिरच्या लावणे, ढोलकी शिकणे, मिस्सेत गायचे गीत बसवणे, नातीला गोष्ट सांगणे, पुस्तकाची दोन पाने वाचणे. यातून पैसा मिळत नाही, आणि तेच त्याचे औषध आहे. दिवसभर आपली किंमत क्विंटलवर आणि रोजावर ठरते. संध्याकाळचा अर्धा तास असा असावा की ज्याला कोणी भाव लावत नाही.

६. उद्याचे कागदावर ठेवणे. रात्री अंथरुणावर पडले की उद्याची कामे आठवतात. खताचे पोते, सोसायटीचा हप्ता, मुलीचा दाखला. ती डोक्यात घोळवण्यापेक्षा वहीत लिहावीत. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निजण्याआधी पाच मिनिटे ज्यांनी उद्याची कामे लिहून काढली, त्यांना झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली. कागदावर ठेवलेले मनाला धरून ठेवावे लागत नाही. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराला सांगून लिहून घ्यावे. त्याचाही अभ्यास होतो.

७. जपमाळ आणि दिवसाची उजळणी. आपल्या घरांत संध्याकाळी जपमाळ म्हणायची रीत आहे. इटलीतील लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर केलेला अभ्यास २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. लॅटिन भाषेत 'नमो मरिया' म्हणताना आणि बौद्ध मंत्र म्हणतानाही श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होतो आणि हृदयाचे ठोके त्या लयीत येतात, असे त्यांना आढळले. प्रार्थना आपण औषध म्हणून करत नाही. पण ती घाईघाईने उरकली तर हा संथपणा हाती लागत नाही. पूर्ण माळेला वेळ नसेल तर एकच दशक म्हणावे, पण सावकाश म्हणावे. शेवटी संत इग्नाती लोयोला यांनी शिकवल्याप्रमाणे दिवसाची उजळणी करावी. आज कशाबद्दल आभार मानायचे, आज कुठे चुकलो, उद्या काय सुधारायचे. मग दिवस देवाच्या हाती देऊन दिवा मालवावा.

विसाव्यासारखे दिसणारे दोन पाहुणे

थकलेल्या माणसाला दोन गोष्टी लगेच हाताशी सापडतात. पहिली दारू. 'दिवसभर राबतो, थोडी घेतली तर काय बिघडले?' हे आपण गावोगाव ऐकतो. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप मोडते, आणि सकाळी माणूस आदल्या दिवसापेक्षा जास्त थकलेला उठतो. मग त्या थकव्यावर पुन्हा तेच औषध. रोजाचे पैसे जातात ते वेगळेच. आणि एकाच्या अशा विसाव्यासाठी सगळे घर जागे राहते, भीतीने.

दुसरी गोष्ट मोबाइल. नातेवाइकांशी बोलणे, गाणे ऐकणे, बाजारभाव पाहणे यांत वाईट काही नाही. पण बोटाने वर सरकवत राहायचे आणि एकामागून एक चित्रफिती पाहायच्या, यात शेवट नावाची गोष्टच नसते. तास जातो आणि मन शांत होण्याऐवजी आणखी भणभणते. जेवताना आणि निजण्याआधीचा तासभर फोन एका ठरलेल्या फळीवर ठेवावा. घरातल्या मोठ्यांनी आधी ठेवावा, म्हणजे मुलांना सांगायची गरज पडत नाही.

या दोहोंची पारख करायला एकच प्रश्न पुरे. हे करून उठल्यावर मी घरच्यांच्या जवळ आलो की त्यांच्यापासून दूर गेलो?

घरातल्या बाईची संध्याकाळ

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वर सांगितलेल्या सगळ्या सवयी कोणाला जमतील? ज्याचे काम संध्याकाळी संपते त्याला. पण शेतातून नवऱ्याबरोबरच परत आलेल्या बाईचे काय? तो ओट्यावर बसतो आणि ती चुलीपुढे बसते. भारत सरकारने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली की माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. पुरुषांपैकी जे घरकाम करतात, त्यांचा ९७ मिनिटे. म्हणजे बाईचे पाच तास आणि पुरुषाचा दीड तास. शिवाय बहुतेक पुरुष घरकामाला हातच लावत नव्हते.

एकाचा विसावा दुसऱ्याच्या पाठीवर उभा असेल, तर त्याला विसावा म्हणता येणार नाही. ते फक्त ओझे दुसऱ्याकडे सरकवणे झाले.

पूर्वी बायांना मन मोकळे करायची एक जागा होती, ती म्हणजे जाते. पहाटे दोघी समोरासमोर बसून दळायच्या आणि ओव्यांतून माहेर, सासर, दुःख, देव सगळे बोलून घ्यायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे बायांच्या मनात साठलेले होते. पिठाची गिरणी आली आणि दळणाचे कष्ट गेले, हे फार चांगले झाले. पण बोलायची जागाही गेली. ती पुन्हा कोणी दिली का, हे आपण आपल्या घरात विचारले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. त्यांच्या घरी राबणाऱ्या संत जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. जनाबाई दळायला बसली की विठ्ठल येऊन तिच्याबरोबर जाते ओढायचा, अशी परंपरा आहे. ती आपल्या शेजाऱ्यांची श्रद्धा, पण त्यातला अर्थ आपल्याला परका नाही. योहानच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने कमरेला रुमाल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणे हे घरातल्या नोकराचे काम होते. ते गुरूने केले. मग दिवसभर रानात वाकलेल्या बायकोसाठी तांब्याभर पाणी आणून देणे, भाजी चिरून देणे, जेवणानंतरची भांडी घासणे, यात आपला मान कसा जाईल?

घरात एक नियम करून पाहावा. जोपर्यंत सगळ्यांना बसता येत नाही, तोपर्यंत कोणीच बसायचे नाही. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला संध्याकाळचे एक काम. चौघांनी मिळून केले तर काम अर्ध्या वेळात उरकते आणि मग सगळे एकत्र ओट्यावर बसू शकतात. घरातल्या बाईला रोज अर्धा तास तिच्या मर्जीचा मिळाला पाहिजे. त्या वेळात तिने काय करावे हे तिनेच ठरवावे.

वेळेचा ताळमेळ नसेल तर?

काही जण म्हणतील की हे सगळे ठीक आहे, पण आमची संध्याकाळ आमच्या हाती नाही. बरोबर आहे. शेतीपंपाची वीज कधी रात्रीच्या पाळीत येते आणि पाणी द्यायला मध्यरात्री जावे लागते. ऊसतोडीला गेलेल्यांना दिवसरात्रीचा हिशेब राहत नाही. पोलिसांना, परिचारिकांना, एसटीच्या चालक-वाहकांना पाळ्या असतात. म्हणून सवय घड्याळाला बांधू नये, ती कामाच्या शेवटाला बांधावी. काम पहाटे चारला संपले तर पहाटे चारला हातपाय धुवावेत, दोन घोट पाणी प्यावे, एक प्रार्थना म्हणावी आणि मग निजावे. घरच्यांनीही त्या दिवशी त्याची सकाळ शांत ठेवावी. सगळ्या सवयी एकदम धरू नयेत. एक धरावी, ती महिनाभर टिकवावी, मग दुसरी.

आणखी एक सांगणे गरजेचे आहे. काही ओझी हातपाय धुऊन उतरत नाहीत. कर्ज, नापिकी, घरातले आजारपण यांनी माणूस आतून खचतो. दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच मन लागत नाही, जगणे नकोसे वाटते, असे असेल तर त्याला 'देवावर विश्वास ठेव' एवढेच सांगून सोडू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे घेऊन जावे. भारत सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. मराठवाड्याने घरातले कर्ते पुरुष गमावल्याचे दुःख पुष्कळ पाहिले आहे. वेळेवर विचारलेला एक प्रश्न एखादे घर वाचवू शकतो.

कुटुंबात बोलण्यासाठी

या आठवड्यात एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांवर बोलावे. लहानांना आधी बोलू द्यावे.

१. आपल्या घरात दिवस संपल्याचे कशावरून कळते?
२. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण बसते? त्याला किंवा तिला लवकर बसता यावे म्हणून प्रत्येकजण कोणते एक काम घेईल?
३. बाहेरचा राग आपण घरात कोणावर काढतो का?
४. वरच्या सात सवयींपैकी कोणती एक आपण पुढच्या रविवारपर्यंत पाळू?

ठरलेली सवय कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावावी. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर भेटू तेव्हा ती किती दिवस जमली, हे एकमेकांना विचारू. सातपैकी तीन दिवस जमली तरी पुष्कळ. चौथ्या दिवसासाठी पुढचा आठवडा आहेच.